तेलात मीठ मुरते का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरी केलेल्या तेलांविषयी या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत मिठाचा, विशेषतः सैंधवाचा, उल्लेख आहे. म्हणून हे संपूर्ण सदर त्याच एका विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी पाव लिटर खोबरेल तेलात चार चमचे गुलाबी सैंधव आणि गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या घालून बरणी चाळीस दिवस गच्चीवर उन्हात ठेवली. मिठातील खनिजे तेलात उतरतात आणि तेलाबरोबर त्वचेत खोलवर जातात, असे मी वाचले होते. परंतु मीठ आजही तळाशी जसेच्या तसे आहे. माझे कुठे चुकले? (एक वाचिका, सातारा)

उत्तर : आपले कुठेही चुकलेले नाही, आपण जे वाचले तेच चुकीचे होते. मीठ तेलात विरघळत नाही. चाळीस दिवसांत नाही, चार वर्षांतही नाही आणि उन्हाने वा आचेनेही नाही. याची साक्ष आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कैरीच्या लोणच्याची बरणी काही दिवस न हलवता ठेवली की खार खाली बसतो आणि तेल वर येते. मीठ सारे खाराकडे, म्हणजे कैरीला सुटलेल्या पाण्याकडे गेलेले असते. वरचे तेल मसाल्याचा रंग, हिंगाचा वास आणि मिरचीचा तिखटपणा उचलते, कारण ती द्रव्ये तेलात उतरणारी आहेत. मीठ मात्र ते उचलत नाही.

याचे कारण मिठाच्या घडणीत आहे. मिठाचा खडा धन आणि ऋण विद्युतभार असलेल्या कणांच्या परस्पर ओढीने बांधलेला असतो. पाण्याच्या प्रत्येक रेणूला असे दोन भार असलेली टोके असल्यामुळे पाणी त्या कणांना एकेक करून वेढते आणि खड्यापासून सोडवते. साध्या तापमानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ असे सहज विरघळते. तेलाच्या रेणूकडे ही टोके नाहीतच म्हटले तरी चालेल, त्यामुळे मिठाला सोडवण्याचे साधनच त्याच्यापाशी नसते. आपल्याला पडताळा पाहायचा असेल तर ते तेल न हलवता वरच्यावर दुसऱ्या भांड्यात ओता, स्वच्छ कापडातून गाळा आणि त्याचा एक थेंब जिभेवर ठेवा. तो खारट लागणार नाही.

राहिला प्रश्न खनिजांचा. गुलाबी सैंधव बहुतांशी पाकिस्तानातील पंजाबमधल्या खेवडा येथील खाणीतून येते. त्यात ९५ टक्क्यांहून अधिक भाग साध्या मिठाचाच असतो आणि त्याचा गुलाबी रंग त्यातील अल्पशा लोहामुळे आलेला असतो. ही लोहाची संयुगेही तेलात उतरत नाहीत. शिवाय अखंड त्वचा ही क्षार आत येऊ नयेत यासाठीच घडलेली असल्याने, ते तेलात उतरले असते तरी खोलवर गेले नसते.

उन्हाविषयी मात्र मी आपल्याला सावध करीन. प्रकाश आणि हवा यांच्या संयोगाने तेल खवट होते. खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के स्निग्धाम्ले संपृक्त, म्हणजे हवेशी सहज संयोग न पावणारी, असल्यामुळे ते हे बरेच सोसते. हाच प्रयोग आपण करडईच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलावर केला असता तर ते केव्हाच बिघडले असते. आपल्या तेलाला पाकळ्यांचा वास असेल आणि खवट वास नसेल, तर गाळून ते नेहमीच्या तेलासारखे खुशाल वापरा. तळाचे मीठ पाय शेकण्याच्या पाण्यात घाला.

प्रश्न : मीठ तेलात विरघळत नाही, तर मग आयुर्वेदात ‘सैंधवादि तेल’ कसे? आमच्या घरी वैद्यांनी दिलेले हे तेल सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे वापरले जाते. घरच्या घरी असे एखादे तेल सिद्ध करता येईल का? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या तेलाच्या पाठातच, म्हणजे ग्रंथात दिलेल्या कृतीतच आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. आमवातासाठी, म्हणजे सांधे सुजून दुखण्याच्या विकारासाठी, सांगितलेल्या बृहत् सैंधवादि तेलात सैंधव आणि इतर औषधे एरंडेलात नुसती भिजत घातलेली नाहीत. त्यांच्यासोबत बाळंतशेपेचा काढा, कांजी (आंबवलेले आंबट पाणी) आणि दह्यावरची निवळी असे भरपूर पातळ द्रव्य घालून सारे एकत्र शिजवायचे असते. म्हणजे मिठाला पाणी हवे, हे हा पाठ रचणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. स्नेहपाकाचा, म्हणजे औषधी तेल-तूप शिजवण्याचा, सर्वसाधारण नियमही हेच सांगतो: वाटलेले औषध, ज्याला कल्क म्हणतात, एक भाग, तेल त्याच्या चौपट, आणि काढा, रस किंवा पाणी तेलाच्या चौपट. घरच्या तेलकृतींमध्ये हल्ली वगळला जातो तो नेमका हा तिसरा, पाण्याचा भाग.

सैंधवादि तेल घरी करू नये; त्यातील द्रव्ये अनेक आहेत आणि ती जाणकाराकडूनच घ्यावीत. परंतु निर्गुडीचे तेल कोणालाही करता येते, आणि महाराष्ट्रात कुंपणाकुंपणाला निर्गुडी मिळते. झाडाची खात्री मात्र माहीतगार माणसाकडून करून घ्यावी. निर्गुडीचा ५० ग्रॅम ताजा पाला धुऊन, निथळून, थोड्या पाण्यात वाटून घ्यावा. रुंद तोंडाच्या, जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात २०० मिलिलिटर तिळाचे तेल मंद आचेवर कोमट करावे, त्यात हा कल्क आणि ८०० मिलिलिटर पाणी घालावे. पातेले निम्म्याहून अधिक भरता कामा नये. त्याचे कारण पुढे येईल. मिश्रण मंद आचेवर उकळत ठेवून अधूनमधून तळापासून ढवळावे. दोन-तीन तास सहज लागतात. उतावळेपणाने आच वाढवू नये.

पाणी असेतोवर मिश्रणाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, आणि स्नेहपाकाची सारी हुशारी या एका गोष्टीत आहे. पाणी हाच येथे आचेवरचा लगाम असतो. ते संपले की तापमान भराभर चढते आणि कल्क करपू लागतो, म्हणून शेवटची दहा-पंधरा मिनिटे पातेल्यापासून हलू नये. त्या वेळी तेलावर फेस येतो आणि तो चांगलाच वर चढतो. भरलेल्या पातेल्यातून तो उतू जाऊन शेगडीवर पडला तर भडका उडू शकतो. तेल सिद्ध होताना फेस येतो आणि तूप सिद्ध होताना फेस शमतो, असे शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात दिलेले आहे आणि ते आजही तंतोतंत अनुभवास येते. दुसरी खूण अशी: चमच्याने थोडा कल्क काढून, निवल्यावर बोटांत वळावा. त्याची वात झाली आणि ती ज्योतीवर धरली असता तडतडली नाही, तर पाणी संपले असे समजावे. तडतड होते ती अडकलेल्या पाण्याची एकाएकी वाफ झाल्यामुळे. वात आवाज न करता जळली की आच लगेच बंद करून, तेल थोडे निवल्यावर दुहेरी कापडातून गाळावे.

आता यात मीठ घातले तर काय होते ते पाहा. समजा आपण १० ग्रॅम सैंधव घातले. सुरुवातीला ते ८०० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळलेले असते; पाणी आटत आटत ३० मिलिलिटरच्याही खाली आले की ते पुन्हा कणांच्या रूपाने बाहेर पडू लागते आणि अखेरीस कल्कासोबत गाळणीत राहते. गाळलेल्या तेलात उतरते ते निर्गुडीचे स्निग्ध आणि सुगंधी द्रव्य. म्हणून माझा सल्ला असा आहे की घरच्या तेलात शिजवताना मीठ घालूच नये. मीठ हवे असेल तर ते लावण्याच्या वेळी घ्यावे: तळहातावर एक चमचा कोमट तेल, त्यात वस्त्रगाळ केलेले चिमूटभर सैंधव आणि दोन-चार थेंब गरम पाणी. हे दुखऱ्या गुडघ्यावर हलक्या हाताने जिरवून वरून गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्यावा. यात आराम पडतो तो मुख्यतः चोळण्याचा आणि उबेचा. सुजलेला, लाल झालेला किंवा तापासह दुखणारा सांधा चोळू नये. तो डॉक्टरांना दाखवावा.

गाळलेले तेल दोन दिवस पारदर्शक बाटलीत स्थिर ठेवून तळ पाहावा. तळाशी पाण्याचा थेंब किंवा गढूळ थर दिसला तर वरचे तेल अलगद काढून पुन्हा मंद आचेवर तापवावे. मगच ते गडद काचेच्या कोरड्या बाटलीत, शक्यतो काठोकाठ भरावे, म्हणजे आत हवा कमी राहते. तिळाच्या तेलात त्याचे स्वतःचे रक्षण करणारी द्रव्ये असल्यामुळे ते इतर तेलांपेक्षा अधिक टिकते; या कामासाठी तिळाचे तेल निवडण्यामागे हेही एक कारण आहे.

प्रश्न : आमच्याकडे मिठागरातील खडेमीठ मिळते. ते खोबरेल तेलात घालून ठेवले होते, तर पावसाळ्यात बाटलीच्या तळाशी पाणी जमले आणि पाकळ्यांना बुरशी आली. मीठ असूनही बुरशी कशी? (एक वाचक, रायगड जिल्हा)

उत्तर : समुद्राच्या खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते हवेतील ओल ओढून घेतात. मिठाची बरणी श्रावणात पाझरते ती यामुळेच. अशा मिठासोबत आपण बाटलीत पाणीही घातलेत. मीठ लोणचे टिकवते ते ते पाण्यात भरपूर प्रमाणात विरघळलेले असते म्हणून. तेलावर तरंगणाऱ्या पाकळीतील ओलाव्यापर्यंत तळाशी बसलेले मीठ पोहोचतच नाही, त्यामुळे तिथे ते काहीच राखण करीत नाही. ते तेल आता त्वचेला लावू नका. पुढच्या वेळी पाने-फुले हाताने चुरली जातील इतकी सावलीत वाळवा, मीठ वेगळ्या डब्यात ठेवा, आणि लावण्यापूर्वी लागेल तेवढेच कोरड्या तव्यावर भाजून बारीक करा. लोखंडी कढई किंवा कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे तेलाच्या कामाला घेऊ नये, कारण या धातूंच्या संसर्गाने तेल लवकर खवट होते आणि ओलसर मिठाने लोखंड गंजते.

अंगाला लावायला महाग गुलाबी मीठ आणि मिठागराचे मीठ यांत मला काहीही फरक वाटत नाही. आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या उन्हात राबून काढलेले मीठ स्वच्छ असेल तर ते वापरताना मन मुळीच कचरू देऊ नका.

प्रश्न : लहानपणी खोकला झाला की आजी छातीला गरम तेल आणि मीठ चोळत असे. यास काही आधार आहे का, की ती केवळ आजीची माया होती? माझ्या सहा वर्षांच्या मुलाला मी तसे करू का? (एक वाचिका, बडोदे)

उत्तर : आजीच्या या उपचाराची परंपरा फार जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उचकी आणि श्वास या विकारांच्या अध्यायात, रुग्णाला प्रथम लवणयुक्त तेल लावून मग निरनिराळ्या प्रकारांनी स्निग्ध स्वेद, म्हणजे शेक, द्यावा असे सांगितले आहे. तेथेही मीठ तेलात मुरवून ठेवलेले नाही. ते तेलासह अंगाला लागते आणि पाठोपाठ वाफ किंवा शेक येतो. आजी तेल वाटीत गरम करून त्यात बोटाने मीठ कालवीत असेल आणि मग छातीवर उबदार फडके ठेवीत असेल, तर ती याच क्रमाने चालली होती.

सहा वर्षांच्या मुलाला साध्या सर्दी-खोकल्यात आपण हे करू शकता. तेल आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे आणि ते सुखद कोमट असेल तरच मुलाला लावावे. मीठ पिठीसारखे बारीक असावे, कारण मुलांची त्वचा खड्याने लगेच ओरखडते. पुरळ, खरूज किंवा जखम असेल तेथे मीठ लावू नये. कापूर घालण्याची अनेकांना सवय असते. दोन वर्षांखालील मुलांना तो अजिबात लावू नये आणि मोठ्या मुलांच्याही नाकाजवळ नेऊ नये, कारण कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येऊ शकतात. आणि मूल भराभर श्वास घेत असेल, श्वासासरशी बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा छातीतून घरघर येत असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. दम्याची औषधे चालू असतील तर ती मालिशीसाठी थांबवू नयेत.

प्रश्न : सुनेची प्रसूती झाली असून बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई तेलात थोडे मीठ घालून बाळाच्या अंगाला लावावे, म्हणजे लव जाते आणि त्वचा घट्ट होते, असे म्हणतात. लावावे का? (एक आजी, नागपूर)

उत्तर : लावू नये. अगदी चिमूटभरसुद्धा नको. मोठ्या माणसाच्या अखंड त्वचेविषयी मी वर जे म्हटले ते नवजात बाळाला लागू नाही. त्याची त्वचा पातळ असते, वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ मोठे असते आणि जास्तीचे मीठ बाहेर टाकण्याइतकी त्याची मूत्रपिंडे तयार झालेली नसतात. तुर्कस्तानाच्या काही भागांत बाळाच्या अंगाला मीठ लावण्याची जुनी रूढी आहे, आणि त्यामुळे बाळांच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढल्याची उदाहरणे तेथील डॉक्टरांनी नोंदवली आहेत. लव आपोआप जाते.

न्हाऊ घालणाऱ्या बाईंचे हात अनुभवी असतात आणि त्यांचा मान राखूनच हे सांगता येईल. ‘डॉक्टरांनी मनाई केली आहे’ एवढे म्हटले तरी पुरते. बाळाला साधे, ताजे, वास न मारणारे खोबरेल तेल हलक्या हाताने लावावे. मोहरीचे तेल बाळाच्या त्वचेला झोंबते, ते टाळावे.

प्रश्न : टाचांना खोल भेगा पडतात. खडेमीठ आणि तेल एकत्र करून घासले तर बऱ्या होतील का? मला मधुमेह आहे. (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : आपले शेवटचे वाक्य पत्रात सर्वांत महत्त्वाचे आहे. मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू कमी होऊ शकते, त्यामुळे मिठाच्या खड्याने पडलेला ओरखडा किंवा गरम पाण्याचा चटका आपल्याला कळणारही नाही, आणि ती जखम चिघळू शकते. आपण टाचा मिठाने घासू नयेत, गरम पाण्यात पाय बुडवून बसू नये आणि भेगांतून रक्त किंवा पाणी येत असेल तर आजच डॉक्टरांना पाय दाखवावेत. आपल्यासाठी रोज पाय साध्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह पूर्ण कोरडे करून, टाचांना भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, लावणे एवढेच योग्य. बेचक्यांत मात्र तेल लावू नये.

ज्यांना मधुमेह नाही त्यांनी चार-पाच लिटर सोसवेल इतक्या कोमट पाण्यात दोन चमचे मीठ घालून दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवावेत, मऊ झालेली टाच वज्रीने हलकेच घासावी, पाय पुसावेत आणि मग तेल लावावे. येथे मीठ पाण्यात आहे आणि तेल नंतर आहे, हा क्रम उलटा करू नये; आधी तेल लावले तर पाणी त्वचेपर्यंत पोहोचत नाही. भेगांसाठी भिरंडेलासारखे दुसरे तेल माझ्या पाहण्यात नाही. कोकणात त्याला कोकमतेल म्हणतात. कोकमाच्या बियांपासून निघणारे हे स्निग्ध द्रव्य लोण्यापेक्षाही घट्ट असते आणि साधारण ४० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे ते भेगेत घट्ट बसून राहते. गोळा चमच्यात घेऊन दिव्यावर किंचित वितळवावा, निम्मे तिळाचे तेल मिसळून डबीत ओतावे, म्हणजे थंडीतही बोटाने घेता येते. रात्री लावून सुती मोजे घालावेत.

प्रश्न : ‘मॅग्नेशियम ऑइल’ म्हणून मिळणारी बाटली मी आणली आहे. ती निर्गुडीच्या तेलात मिसळू का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : मिसळणार नाही, कारण ते तेल नव्हे. मॅग्नेशियम क्लोराइड पाण्यात भरपूर विरघळवले की ते द्रावण बोटांना तेलकट लागते, म्हणून त्याला तसे नाव पडले आहे. दोन्ही एका बाटलीत ओतले तर काही वेळात दोन थर दिसतील आणि निर्गुडीचे चांगले तेल पाण्याच्या संसर्गाने लवकर बिघडेल. वापरायचेच असेल तर कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहा. खाज किंवा आग झाली नाही तर दोन्ही वेगवेगळ्या वेळी लावा.